विश्लेषण : नागरिक साडेचार लाख, भाषा बोलणारे जेमतेम दोन हजार, चेरोकी भाषेसाठी ‘आणीबाणी’ का जाहीर करावी लागली?

आयफोनच्या सेटिंगमध्ये जाऊन नव्या कीबोर्डची यादी उघडली, तर मराठी, हिंदी, तमिळ यांच्या बरोबरीने ‘चेरोकी’ हे नावही दिसते. आपल्याकडे हे नाव ओळखीचे आहे ते मुख्यतः गाडीमुळे. पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यात जोडणी होणारी ‘जीप ग्रँड चेरोकी’ २०२२ मध्ये भारतीय बाजारात आली. मुळात मात्र चेरोकी हे अमेरिकेतील एका मूलनिवासी समाजाचे आणि त्याच्या भाषेचे नाव आहे.

या समाजाचे सर्वांत मोठे सरकार असलेल्या ‘चेरोकी नेशन’चे आज साडेचार लाखांहून अधिक नागरिक आहेत. ही भाषा जन्मभाषा म्हणून बोलणारे मात्र सुमारे दोन हजारच उरले आहेत आणि त्यांतील बहुतेक जण साठीच्या पुढचे आहेत. भाषेकडे स्वतःची लिपी आहे, १८२८ पासूनची वृत्तपत्राची परंपरा आहे, शब्दकोश आहे, फोनवर कीबोर्ड आहे. पाठीशी निवडून आलेले सरकार आणि पैसाही आहे. तरीही २०१९ मध्ये या भाषेसाठी आणीबाणी जाहीर करावी लागली. असे का झाले? आणि भाषा न येणारी व्यक्ती चेरोकी कशी ठरते? जाणून घेऊ या.

चेरोकी नेमके कोण?

अमेरिकेच्या आग्नेय भागातील ॲपलाचियन डोंगररांगा ही चेरोकींची मूळ भूमी. आजच्या जॉर्जिया, टेनेसी, नॉर्थ कॅरोलिना, साऊथ कॅरोलिना या राज्यांत त्यांची गावे पसरलेली होती. त्यांच्या भाषेला ते ‘त्सालागी’ म्हणतात. ही भाषा इरोक्वियन कुळातील आहे. या कुळातील मोहॉक, सेनेका या भाषा बऱ्याच उत्तरेला, न्यूयॉर्क आणि कॅनडाच्या परिसरात बोलल्या जातात. दक्षिणेकडील शाखेची आज उरलेली एकमेव भाषा म्हणजे चेरोकी.

आज अमेरिकी केंद्र सरकारने मान्यता दिलेली चेरोकींची तीन सरकारे आहेत. पहिले ‘चेरोकी नेशन’ आणि दुसरे ‘युनायटेड किटूवा बँड’. या दोघांचीही मुख्यालये ओक्लाहोमा राज्यातील टालेक्वा या गावी आहेत. तिसरे ‘ईस्टर्न बँड’, जे नॉर्थ कॅरोलिनातील डोंगराळ भागात आहे. एकच समाज एकमेकांपासून हजारेक किलोमीटरवर का विखुरला, याचे उत्तर १८३८ च्या घटनांत आहे. त्याआधी मात्र या भाषेच्या लिपीची गोष्ट समजून घ्यावी लागेल.

एका चांदीकाम करणाऱ्याने लिपी कशी घडवली?

सिक्वोया हा चांदीच्या वस्तू घडवणारा कारागीर. त्याला इंग्रजी लिहिता-वाचता येत नव्हते. गोरे लोक कागदावर खुणा करून एकमेकांना निरोप धाडतात, हे मात्र त्याने पाहिले होते. आपल्या भाषेसाठीही असेच काही करता येईल, या विचाराने तो वर्षानुवर्षे खपला. आधी त्याने प्रत्येक शब्दासाठी एक चिन्ह करून पाहिले. ते आवाक्याबाहेरचे ठरले. मग भाषेतील एकेक अक्षर, म्हणजे व्यंजन आणि स्वर मिळून होणारा उच्चार, वेगळा काढून त्याने प्रत्येकासाठी एक चिन्ह ठरवले.

१८२१ च्या सुमारास ८६ चिन्हांची ही लिपी तयार झाली. आज त्यांतील ८५ वापरात आहेत. लिपी सर्वप्रथम शिकली ती त्याची लहान मुलगी. लोकांचा विश्वास बसावा म्हणून बाप आणि लेक वेगवेगळ्या ठिकाणी बसले आणि एकाने लिहिलेला निरोप दुसऱ्याने वाचून दाखवला, असे सांगितले जाते. १८२५ मध्ये चेरोकी नेशनने लिपी अधिकृतपणे स्वीकारली. २१ फेब्रुवारी १८२८ रोजी जॉर्जियातील न्यू इकोटा या तेव्हाच्या राजधानीतून ‘चेरोकी फिनिक्स’ हे इंग्रजी आणि चेरोकी अशा दोन भाषांतील वृत्तपत्र निघाले. इलायस बुडिनो हे त्याचे पहिले संपादक. त्याच नावाचे वृत्तपत्र आज टालेक्वातून निघते आणि ऑनलाइनही वाचता येते.

देवनागरीपेक्षा ही लिपी वेगळी कशी?

देवनागरीत ‘क’ला मात्रा लावून आपण कि, कु, के, को करतो. मूळ ‘क’ सगळीकडे ओळखू येतो. चेरोकीत तसे नाही. गा, गे, गी, गो, गू या प्रत्येकाचे चिन्ह पूर्ण स्वतंत्र आहे. काही चिन्हे रोमन अक्षरांसारखी दिसतात, पण उच्चाराशी त्यांचा संबंध नाही. रोमन ‘डब्ल्यू’सारखे दिसणारे चिन्ह ‘ला’ आहे, ‘एच’सारखे दिसणारे ‘मी’ आहे आणि ‘झेड’सारखे दिसणारे ‘नो’.

भाषेची घडणही इंग्रजीपेक्षा खूप निराळी आहे. एका क्रियापदातच कर्ता, कर्म, काळ असे सारे गुंफलेले असते. एखादी वस्तू ‘दे’ म्हणताना ती वस्तू सजीव आहे, द्रव आहे, काठीसारखी लांब आणि ताठ आहे, कापडासारखी लवचीक आहे की या कशातच न बसणारी आहे, यानुसार क्रियापद बदलते.

मराठी वाचकाला एक गोष्ट मात्र जवळची वाटेल. इंग्रजीत ‘वुई’ हा एकच शब्द आहे. मराठीत समोरच्याला धरून ‘आपण’ आणि त्याला वगळून ‘आम्ही’ म्हणता येते. चेरोकीतही हा भेद आहे आणि शिवाय दोघेच आहेत की जास्त, हेही क्रियापदातूनच कळते. म्हणजे तू आणि मी, तो आणि मी, तुम्ही सगळे आणि मी, ते सगळे आणि मी अशी ‘आपण-आम्ही’ची चार रूपे होतात. भाषा गेली तर काय जाते, या प्रश्नाचे हे एक साधे उत्तर. इंग्रजीत एकाच शब्दावर भागवावे लागते आणि हे भेद नाहीसे होतात.

‘अश्रूंची वाट’ म्हणजे काय?

वृत्तपत्र सुरू झाले त्याच सुमारास चेरोकींच्या भूमीत सोने सापडले. जॉर्जिया राज्याने या जमिनीवर हक्क सांगितला. २८ मे १८३० रोजी अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी मूलनिवासींना मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला हलवण्याच्या कायद्यावर सही केली.

चेरोकी न्यायालयात गेले. १८३२ मध्ये ‘वूस्टर विरुद्ध जॉर्जिया’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चेरोकी भूमीवर जॉर्जियाचे कायदे लागू होत नाहीत, असा निकाल दिला. प्रत्यक्षात जमीन बळकावणे थांबले नाही. २९ डिसेंबर १८३५ रोजी चेरोकींमधील एका छोट्या गटाने न्यू इकोटा येथे करार करून पूर्वेकडील सगळी भूमी सोडण्यास मान्यता दिली. संपादक बुडिनो हेही सही करणाऱ्यांत होते. निवडून आलेले प्रमुख जॉन रॉस यांनी सुमारे १५ हजार चेरोकींच्या सह्यांचे विरोधाचे निवेदन दिले. तरीही अमेरिकी सिनेटने एका मताच्या फरकाने करार मंजूर केला.

१८३८ मध्ये सैन्याने कुटुंबांना घराबाहेर काढून छावण्यांत कोंडले. तेथून सुमारे १६ हजार लोकांना आजच्या ओक्लाहोमाकडे नेण्यात आले. काही बोटींतून गेले, बहुतेक जण थंडीच्या दिवसांत पायी आणि बैलगाड्या, घोडागाड्यांसोबत. छावण्यांत आणि वाटेत सुमारे चार हजार लोकांचा मृत्यू झाला, असे मानले जाते. हीच ‘ट्रेल ऑफ टीअर्स’ म्हणजे अश्रूंची वाट. डोंगरांत मागे राहिलेल्या लोकांचे वंशज म्हणजे आजचा ‘ईस्टर्न बँड’.

एवढे होऊनही भाषा टिकली, मग गेली कधी?

या कहाणीतील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा येथेच आहे. हद्दपारीने चेरोकी भाषा मेली नाही. टालेक्वात १८३९ मध्ये नवी राज्यघटना तयार झाली. १८४१ मध्ये चेरोकी नेशनने स्वतःची सार्वजनिक शाळाव्यवस्था सुरू केली. १८४४ पासून ‘चेरोकी ॲडव्होकेट’ हे द्विभाषिक वृत्तपत्र निघू लागले.

खरा फटका बसला तो नंतर, कायदा आणि शाळा या दोन वाटांनी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकी सरकारने समाजाची सामाईक जमीन तोडून व्यक्तींच्या नावे वाटायला सुरुवात केली. १८९८ च्या कर्टिस कायद्याने मूलनिवासी सरकारे आणि त्यांची न्यायालये मोडीत काढली. १९०६ मध्ये ‘ॲडव्होकेट’ बंद पडले आणि १९०७ मध्ये ओक्लाहोमा हे राज्य झाले. पुढची कित्येक दशके चेरोकींचा प्रमुख समाज निवडत नव्हता, तर त्याची नेमणूक अमेरिकेचे अध्यक्ष करत होते. १९७० मध्ये कायदा बदलल्यावर १९७१ मध्ये पुन्हा निवडणूक झाली.

या काळात मुले इंग्रजी शाळांत आणि सरकारी निवासी शाळांत गेली. तेथे मातृभाषेत बोलले की शिक्षा होई. ज्यांनी ती शिक्षा भोगली, ते पुढे आई-बाप झाले. आपल्यासारखे पोरांचे हाल नकोत, म्हणून अनेकांनी घरात मुलांशी इंग्रजीच बोलायचे ठरवले. आजी-आजोबा आपसांत चेरोकी बोलत राहिले, नातवंडांना ती कळेनाशी झाली. दोन-तीन पिढ्यांत साखळी तुटली.

२०१९ ची आणीबाणी काय होती?

जून २०१९ मध्ये तिन्ही चेरोकी सरकारांच्या संयुक्त परिषदेने भाषेसाठी आणीबाणी जाहीर केली. त्या वेळच्या वृत्तांनुसार तिन्ही सरकारांचे मिळून अस्खलित बोलणारे सुमारे २१०० जण उरले होते, दर महिन्याला त्यांतील सरासरी आठ जण दगावत होते आणि चाळिशीच्या आतले बोलणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते.

त्याच वर्षी चेरोकी नेशनने भाषा जाणणाऱ्यांनी स्वतः सही करायची एक नोंदवही सुरू केली. पुढच्याच वर्षी करोना आला. वृद्ध भाषकांना सर्वाधिक धोका होता. त्यामुळे डिसेंबर २०२० मध्ये लशी आल्या तेव्हा चेरोकी नेशनने आरोग्य कर्मचाऱ्यांच्या जोडीने चेरोकी बोलणाऱ्यांनाही पहिल्या टप्प्यात स्थान दिले. भाषा येते म्हणून लशीच्या रांगेत पुढचा नंबर, ही घटना परिस्थिती किती हातघाईवर आली होती हे सांगते.

भाषा वाचवण्यासाठी काय केले जात आहे?

> चेरोकी माध्यमाची शाळा : २००१ मध्ये टालेक्वात लहान मुलांसाठी ‘इमर्शन’ पद्धतीचे वर्ग सुरू झाले. येथे भाषा हा एक विषय नाही. गणित, विज्ञान, खेळ सगळे चेरोकीतच. ईस्टर्न बँडची ‘न्यू किटूवा अकादमी’ याच धर्तीवर चालते.

> गुरू-शिष्य योजना : प्रौढांसाठी दोन वर्षांचा कार्यक्रम. शिकणाऱ्याने आठवड्याला ४० तास अस्खलित भाषकांच्या सहवासात घालवायचे आणि त्यासाठी त्याला मानधन मिळते. म्हणजे भाषा शिकणे हीच नोकरी.

> डर्बिन फीलिंग कायदा : १९७५ मध्ये चेरोकी-इंग्रजी शब्दकोश देणारे भाषातज्ज्ञ डर्बिन फीलिंग यांच्या नावाने २०१९ मध्ये केलेल्या कायद्यातून भाषेसाठी १.६ कोटी डॉलरची तरतूद झाली. फीलिंग यांचे २०२० मध्ये निधन झाले.

> एकाच छताखाली सर्व काही : नोव्हेंबर २०२२ मध्ये टालेक्वात फीलिंग यांच्या नावाचे भाषा केंद्र सुरू झाले. खर्च सुमारे दोन कोटी डॉलर. त्यासाठी समाजाच्याच जुन्या कॅसिनोच्या इमारतीचा कायापालट करण्यात आला. मुलांची शाळा, अनुवाद विभाग आणि गुरू-शिष्य योजना आता एकत्र आहेत, त्यामुळे ज्येष्ठ भाषक आणि मुले रोज एकमेकांच्या कानावर पडतात.

फोनवर चेरोकी कशी पोहोचली?

कोणतीही लिपी सर्व उपकरणांवर सारखी दिसायची, तर तिच्या प्रत्येक चिन्हाला युनिकोडमध्ये एक ठरलेला क्रमांक लागतो. देवनागरीला तो युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत मिळाला होता. चेरोकीला तो १९९९ मध्ये, तिसऱ्या आवृत्तीत मिळाला. २००३ मध्ये ॲपलच्या संगणकांवर चेरोकी फाँट आला आणि सप्टेंबर २०१० मध्ये आयफोनवर कीबोर्ड. यासाठी चेरोकी नेशनने सतत पाठपुरावा केला होता. शाळेत चेरोकी शिकलेली मुले बाहेर पडताच मोबाइलवर इंग्रजीत मेसेज करणार असतील, तर शाळेचा उपयोग मर्यादितच राहणार, हे कारण त्यामागे होते.

पुढे गूगल सर्च, २०१२ मध्ये जीमेल आणि विंडोज ८, तर २०२२ मध्ये मोटोरोलाच्या फोनची संपूर्ण मेनू-मांडणी चेरोकीत आली. या कामात अनुवादकांना नवे शब्द घडवावे लागले. ई-मेलसाठी वापरल्या गेलेल्या शब्दांचा अर्थ होतो ‘विजेचा कागद’. शब्द उसना न घेता भाषेच्या आतूनच तयार करायचा, हा त्यामागचा आग्रह.

मग चेरोकी कोण, हे कोण ठरवते?

नागरिक वाढत आहेत आणि भाषक घटत आहेत, याचे कारण नागरिकत्वाच्या नियमांत दडले आहे. तिन्ही सरकारांपैकी कोणीही नागरिकत्वासाठी भाषेची अट घालत नाही. अट आहे ती वंशावळीची.

चेरोकी नेशनचे नागरिक व्हायचे, तर जमीनवाटपासाठी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी बनवलेल्या ‘डॉज यादी’त आपला थेट पूर्वज दाखवावा लागतो. रक्ताच्या प्रमाणाची किमान अट नाही. ईस्टर्न बँडसाठी १९२४ च्या ‘बेकर यादी’त पूर्वज असावा लागतो आणि किमान एक-षोडशांश चेरोकी वंश लागतो. युनायटेड किटूवा बँडची अट एक-चतुर्थांशाची आहे.

या याद्यांमुळे एक मोठा अन्यायही झाला. श्रीमंत चेरोकींकडे कृष्णवर्णीय गुलाम होते आणि अश्रूंच्या वाटेवरून त्यांनाही नेण्यात आले होते. १८६६ च्या करारात मुक्त झालेल्या या लोकांना आणि त्यांच्या वंशजांना चेरोकींचे सर्व हक्क देण्याचे वचन होते. डॉज यादीत मात्र त्यांची नोंद ‘फ्रीडमेन’ अशी वेगळी झाली. २००७ मध्ये चेरोकी नेशनने मतदान घेऊन त्यांच्या वंशजांचे नागरिकत्व काढून घेतले. २०१७ मध्ये केंद्रीय न्यायालयाने ते चुकीचे ठरवले. फेब्रुवारी २०२१ मध्ये चेरोकी सर्वोच्च न्यायालयाने घटनेतून ‘रक्ताने’ हे शब्दच वगळण्याचा आदेश दिला.

दुसरीकडे, घरात ऐकलेल्या गोष्टीवरून स्वतःला चेरोकी म्हणवणारेही पुष्कळ आहेत. २०२० च्या अमेरिकी जनगणनेत सुमारे १५ लाख लोकांनी चेरोकी वंश नोंदवला. तिन्ही सरकारांचे मिळून नागरिक मात्र पाच लाखांच्या आसपासच आहेत. २०१८ मध्ये सिनेटर एलिझाबेथ वॉरन यांनी मूलनिवासी वंशाचा पुरावा म्हणून डीएनए चाचणी जाहीर केली, तेव्हा चेरोकी नेशनने जाहीर आक्षेप घेतला. नागरिकत्व हे कायद्याचे आणि समाजाशी असलेल्या नात्याचे आहे, प्रयोगशाळेतल्या अहवालाचे नाही, अशी ही भूमिका होती. वॉरन यांनी नंतर माफी मागितली. ‘जीप चेरोकी’ हे नाव आता बदलावे, असे मत चेरोकी नेशनचे प्रमुख चक हॉस्किन ज्युनियर यांनी २०२१ मध्ये मांडले, तेही याच भूमिकेतून. नाव आमचे आहे, ते वापरण्याचा हक्क कोणाला हे आम्ही ठरवू.

१८३५ चे कोणते वचन अजून बाकी आहे?

ज्या न्यू इकोटा कराराने चेरोकींची भूमी गेली, त्याच्याच सातव्या कलमात अमेरिकी प्रतिनिधीगृहात चेरोकी नेशनचा एक प्रतिनिधी असेल, असे म्हटले आहे. २०१९ मध्ये हॉस्किन यांनी किंबर्ली टीही यांचे नाव या जागेसाठी पुढे केले. टीही यांनी अध्यक्ष बराक ओबामा यांच्या काळात व्हाइट हाऊसमध्ये मूलनिवासी धोरणाच्या सल्लागार म्हणून काम केले होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रतिनिधीगृहाच्या नियम समितीने यावर सुनावणी घेतली. जागा मात्र अजून भरलेली नाही.

दरम्यान, काही गोष्टी बदलल्या आहेत. २०२१ मध्ये ओक्लाहोमातील न्यायालयाने चेरोकी नेशनचे राखीव क्षेत्र कायद्याने कधीच रद्द झाले नव्हते, असे मान्य केले. २०२२ मध्ये अमेरिकेच्या २५ सेंटच्या नाण्यावर चेरोकी नेशनच्या पहिल्या महिला प्रमुख विल्मा मँकिलर यांची प्रतिमा आली आणि नाण्यावर ‘चेरोकी नेशन’ हे शब्द सिक्वोयाच्या लिपीत कोरले गेले.

पुढे काय?

नाणे, कीबोर्ड, रस्त्यांवरच्या पाट्या यांमुळे भाषा दिसू लागते, तिला मान मिळतो. पण त्यातून नवे भाषक तयार होत नाहीत. त्यासाठी लहान मुलाशी रोज त्या भाषेत बोलणारे कोणी तरी लागते. घरांतून ती सवय मोडायला एकच पिढी पुरली. ती परत लावायची तर एकेका प्रौढाला दोन-दोन वर्षे पगार देऊन शिकवावे लागत आहे.

म्हणून टालेक्वातील प्रयत्नांचे मोजमाप शाळेच्या पटावरून होणार नाही. गुरू-शिष्य योजनेतून शिकून बाहेर पडलेले तरुण उद्या आई-बाप होतील, तेव्हा घरात मुलांना कोणत्या भाषेत हाक मारतील, यावर ते ठरेल. आज हयात असलेले भाषक बहुतेक सत्तरीच्या आसपास आहेत. हातात वेळ थोडा आहे, आणि २०१९ च्या ठरावात ‘आणीबाणी’ हा शब्द वापरला गेला तो त्यामुळेच.